आमच्या लॅबमधली पंगत

शाळेत किस्से कोणी गोळा करत नाही, ते आपोआप साचतात. एक सांगायला घ्यावा तर त्याच्यामागे दुसरा हात वर करून उभा असतो, तेवढ्यात घंटा होते आणि दोन्ही राहून जातात. घरी आले की आमचे हे विचारतात, "आज काय झालं?" मी म्हणते, बसा, सांगते. मग सांगता सांगता भाकरी गार होते. त्यांनी आता जेवण झाल्यावरच विचारायचं ठरवलंय.

मी विज्ञान शिकवते. शाळा उंद्री आणि अमडापूरच्या मधल्या पट्ट्यातली. गावाचं नाव सांगत नाही, आमचे हेडसर मनाला लावून घेतात. ही सगळी गोष्ट आमच्या कॉम्प्युटर लॅबची. लॅब म्हणजे पूर्वी जिथे खेळाचं सामान आणि मोडके बाक ठेवायचे, ती खोली. आमचा एक जुना विद्यार्थी पुण्यात नोकरीला आहे. त्याच्या ऑफिसनं जुने कॉम्प्युटर काढून टाकले, ते त्यानं शाळेला पाठवले. आम्ही त्यांना हळदीकुंकू लावून घेतलं आणि दुसऱ्याच आठवड्यात आमच्या संस्थेचे सचिव आबासाहेब येऊन उभे राहिले.

"हे डबे चालतेत का?" त्यांनी विचारलं. "मी जानेवारीत येतो. तोपर्यंत पोट्टे यावर काही शिकले तर ठीक. नाही तर तालुक्याच्या शाळेत नेऊन टाकतो."

माझं डोकंच तापलं. तालुक्याच्या शाळेत आधीच लॅब आहे, एसीसकट. आमच्या पोरांनी कॉम्प्युटर पाहिलेला तो झेरॉक्सच्या दुकानातला, तोही काउंटरच्या अलीकडून. साफ सांगते, मला ते कॉम्प्युटर सोडायचे नव्हते. एकही नाही.

पण ते होते मात्र खरंच म्हातारे. मेमरी इतकी कमी, की आजकालच्या फोनला सांगितलं तर तो हसेल. मग त्या पुण्याच्या पोरानं फोनवरून सांगून सांगून त्यांच्यावर एक हलकी, फुकटात मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम माझ्याकडून टाकून घेतली. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे कॉम्प्युटरचा कारभारी. कोणाला आत घ्यायचं, कोणाला किती जागा द्यायची, कोणाची फाईल कुठे ठेवायची, हे सगळं तो बघतो. आम्ही त्या वर्षी या कारभाऱ्याच्या नादी लागलो, आणि किस्से तिथून सुरू झाले.

* * *

पहिला हेडसरांचा.

हेडसर मूळचे धामणगाव बढ्याचे. माणूस सज्जन, पण शाळेत त्यांचं कोणी ऐकत नाही ही त्यांची जुनी खंत. सुट्टीचा अर्ज आम्ही सुट्टी घेऊन आल्यावर देतो. पोरं घंटेच्या आधी पळतात. शाळेची भिंत कोणत्या रंगाची व्हावी हे त्यांना रंगवून झाल्यावर कळलं होतं.

कॉम्प्युटरमध्ये कारभाऱ्याचा एक मुख्य पासवर्ड असतो. काही नवं टाकायचं, मोठा बदल करायचा, तर तो लागतो. हेडसर म्हणाले, "तो माझ्याकडेच राहीन." म्हटलं, राहू द्या. मनात म्हटलं, आता दर दहा मिनिटांनी यांना ऑफिसातून उठवून आणावं लागणार, आठवड्याभरात कंटाळतील.

कुठलं काय. पोरं हाक मारायची, "सर, परवानगी मागून राह्यला." हेडसर हातातला चहा ठेवून तरातरा यायचे. चष्मा लावायचे. पडद्यावरची ती ओळ पूर्ण वाचायचे. मग इकडेतिकडे बघून, की-बोर्डवर एक हात आडवा धरून पासवर्ड टाकायचे आणि प्रसन्न चेहऱ्यानं परत जायचे.

एकदा मीच म्हटलं, "सर, तुम्हाला त्रास होतो, मला सांगून ठेवा ना."

"नाही मॅडम," हेडसर म्हणाले. "साऱ्या शाळेत मले विचारल्याबिगर काही न करणारं हे एकटंच आहे."

* * *

आमच्याकडे घरटी एक गजानन असतो. कोणाचा पोरगा, कोणाचा जावई, कोणाचा ट्रॅक्टर. सातवीच्या एका वर्गात चार निघाले.

मी पोरांना सांगितलं, प्रत्येकानं आपल्या नावाचं फोल्डर करा आणि आपलं काम त्यात ठेवा. पहिल्या गजाननानं केलं. दुसरा करायला गेला तर कारभारी म्हणतो, या नावाचं आधीच आहे, त्याच्या जागी हेच ठेवू का? याला वाटलं, आपल्यालाच विचारतोय. म्हणाला, हो ठेव. झालं, पहिल्याचं काम गेलं. तिसऱ्यानं दुसऱ्याचं घालवलं. चौथा येईपर्यंत पहिले तिघे मैदानात एकमेकांच्या गचांडीला लागले होते.

आमचे पीटीचे इंगळे सर त्यांना सोडवायला धावले. तिघांना ओळीत उभं केलं आणि गरजले, "गजानन, कोणी सुरू केलं बे?"

तिघं एकदम म्हणाले, "यानं."

मग मी चौघांनाही विचारलं, बाबांनो, गावात तुमच्या घरी कोणी चिठ्ठी पाठवली तर ती तुम्हालाच कशी मिळते? एकजण म्हणाला, "सांगते ना, मॅडम, लोक. वरल्या आळीतला, पांडुरंगचा गजानन." दुसरा म्हणाला, "मी खालच्या आळीतला. गिरणीवाल्या सोपानचा." अरे, मग तेच करा की! आळीचं फोल्डर, त्यात बापाचं फोल्डर, त्यात गजानन. कॉम्प्युटरसुद्धा फाईलचा पत्ता असाच, बाहेरून आत आत जात लिहितो.

संध्याकाळपर्यंत साऱ्या शाळेनं आपापल्या आळ्या केल्या. दुसऱ्या दिवशी पांडुरंगबुवा स्वतः शाळेत आले. म्हणाले, "मॅडम, मशीनमधी माझं नाव आहे म्हणते. दाखवा बरं."

दाखवलं. बराच वेळ पाहत राहिले. मग हळूच विचारलं, "अन माझ्या भावाचं काऊन नाही?" त्यांचा भाऊ बांधावरून त्यांच्याशी भांडतो. मी म्हटलं, त्यांचं पोरगं या शाळेत नाही. पांडुरंगबुवा इतके खूश होऊन गेले की दुसऱ्या दिवशी स्टाफला हुरडा आला.

* * *

लाईन जाते हे काही मी वेगळं सांगायला नको. आमच्याकडे ती जाते, येते, आणि आली म्हणून आनंद व्हायच्या आत परत जाते.

पोरं लिहायची, रंगवायची, लाईन जायची, आणि सगळं गायब. मी समजावून सांगितलं. तुम्ही लिहिताय ते मेमरीत आहे. मेमरी म्हणजे फळा. लाईन गेली की फळा पुसला. सेव्ह केलं की ते डिस्कवर जातं, म्हणजे वहीत उतरलं. मान सगळ्यांनी डोलावली, सेव्ह कोणी करेना. कामात माणूस विसरतो.

इंगळे सर म्हणाले, "मॅडम, तुम्ही समजावून सांगता, तिथीच चुकते. माझ्याकडं द्या."

त्यांनी लॅबच्या दारात खुर्ची टाकली. बाहेरच्या खांबावरचा बल्ब जरा मिचमिचला, की शिट्टी. शिट्टी वाजली की सगळ्यांनी डाव्या हाताची दोन बोटं की-बोर्डच्या कंट्रोल आणि एस या दोन बटनांवर टेकवायची. सेव्ह. पंधरवड्यात पोरं अशी तयार झाली की लाईन जायची आणि कोणाची मान वर होत नसे. माझ्या समजावण्याला जे जमलं नाही ते त्या शिट्टीनं केलं, आणि मला त्याचा रागही आला होता, खोटं कशाला बोलू.

पुढे तालुक्याला क्रीडास्पर्धांचं संचलन होतं. आमची पोरं पहिल्या रांगेत, छाती काढून. प्रमुख पाहुण्यांसमोर सरांनी शिट्टी मारली आणि साऱ्या तुकडीच्या डाव्या हाताची दोन बोटं हलली.

* * *

मराठीच्या तायडे मॅडम या सगळ्यापासून लांब होत्या. त्यांचं म्हणणं, "मी शाईवाली बाई आहे." पण पोरांच्या कवितांचा भित्तिअंक टाईप करायचा त्यांना मोह झाला. बसून बसून केला, पेन ड्राईव्हवर घेतला, पटकन उपसला आणि चिखलीला छापायला गेल्या. तिथे दुकानदारानं उघडला तर आत काहीच नाही.

परत आल्या त्या लाल होऊन. "मॅडम, मी डोळ्यानं पाह्यलं. झालं म्हणून सांगितलं त्यानं."

मी म्हटलं, तो सांगतो झालं, पण थोडं हातात धरून ठेवतो आणि सवडीनं उतरवतो. कारभाऱ्याची तशी पद्धतच आहे. म्हणून काढायच्या आधी त्याला विचारायचं असतं.

"म्हंजे तोंडावर हो म्हणते अन काम मागून करते?" तायडे मॅडम म्हणाल्या. "मंग हे तर आमच्या घरचंच झालं."

पण बाई हाडाची शिक्षिका. त्यांनी दुसऱ्या दिवशी पोरांना विचारलं, "आपण पाहुण्याच्या घरून निघताना 'जातो' म्हणतो का?" पोरं म्हणाली, नाही, 'येतो' म्हणतो. "अन मंग उठून लगेच चालायला लागतो का?" नाही, घरातले 'या' म्हणेपर्यंत थांबतो. "बस. पेन ड्राईव्हलेही तोच रिवाज."

तेव्हापासून आमच्या लॅबमध्ये कोणी पेन ड्राईव्ह काढायचा तर पडद्यावरचं बाहेर काढायचं बटन दाबतो आणि मोठ्यानं म्हणतो, "येतो." पडद्यावर काढायला हरकत नाही असं आलं, की सगळी लॅब म्हणते, "या."

एकदा हेडसर घाईत आले, आपला पेन ड्राईव्ह ओढून काढला आणि निघाले. मागून चाळीस पोरं एका सुरात म्हणाली, "सर, न सांगता चालले?"

हेडसर परत फिरले. पेन ड्राईव्ह पुन्हा लावला, बटन दाबलं, आणि खाली मान घालून म्हणाले, "येतो."

* * *

सहामाही परीक्षेला आम्ही पोरं मिसळून बसवतो. एकाच वर्गातली पोरं वेगवेगळ्या खोल्यांत विखुरलेली, म्हणजे कॉपी होत नाही. कोणी कुठे बसायचं त्याचा तक्ता फाटकाला लावतो. तायडे मॅडम तो गव्हाच्या पिठाच्या खळीनं चिकटवतात. त्यांचा डिंकावर विश्वास नाही.

त्या सकाळी आम्ही पोहोचलो तर फाटकाशी एक बकरी उभी. तोंड हलत होतं. फाटकावर तक्त्याचा एक कोपरा तेवढा उरला होता.

पोरं हजर, बाक हजर, पेपर हजर. कोणी कुठे बसायचं हे मात्र कोणालाच माहीत नाही. तायडे मॅडमनी डोकं धरलं आणि कच्च्या कागदावरून तक्ता पुन्हा करायला बसल्या. पोरं तोवर अंगणात बकरीचे आभार मानत होती.

मी कशी सोडते? परीक्षा संपल्यावर पहिल्याच तासाला वर्गात हेच शिकवलं. डिस्कवर एक फाईल सलग बसत नाही, तुकड्या-तुकड्यांनी विखुरलेली असते. कुठला तुकडा कुठे आहे त्याचा तक्ता कारभाऱ्याकडे असतो. आणि आपण फाईल डिलीट करतो ना, तेव्हा तो फक्त तक्त्यातलं नाव खोडतो. फाईल जागेवरच असते, तिच्या जागी दुसरं कोणी येऊन बसेपर्यंत.

हे शिकवलं ते बरंच झालं. डिसेंबरात हेडसरांना साफसफाईची हुक्की आली. कचरा समजून त्यांनी एक फोल्डर उडवलं, कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. त्या फोल्डरमध्ये पोरांनी आबासाहेबांना दाखवायला केलेलं सगळं होतं. चित्रं, गावाचे नकाशे, विहिरींच्या पाण्याचे आलेख. सारं वर्ष.

हेडसर खुर्चीत बसले ते उठेनात. मला तर रडूच आलं.

नववीतली प्रज्ञा तिथे उभी होती. ही आमची वर्गप्रमुख. हिला शिक्षकांचीसुद्धा भीती वाटत नाही, आणि हसताना मी हिला क्वचित पाहिलंय. ती हेडसरांना म्हणाली, "सर, काही नाही झालं. बकरीनं फक्त कागद खाल्ला. पोट्टे आतच आहेत. आता दुसऱ्या कोणाले त्यायच्या जागी बसू देऊ नका."

तिनं कॉम्प्युटर बंद केला आणि दारात उभी राहिली. इंगळे सरांनाही आत सोडलं नाही. मग पुण्याच्या त्या पोराला फोन लावला, त्यानं सांगितलं तसं करत गेलो, आणि एकेक करून सगळं परत आलं. नावं मात्र गेली होती, नुसते आकडे. पोरांनी आपापली चित्रं ओळखून नेली. एका नकाशाला धनी मिळेना, कारण त्यात गाव नदीच्या भलत्याच काठावर होतं.

तो शेवटी हेडसरांच्या नातवाचा निघाला.

* * *

आता रोडग्यांचं सांगते, कारण शेवटचं समजायला ते लागतं.

थंडीत आमच्याकडे शाळेचं स्नेहभोजन असतं. गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी, वरण, वरून तूप. देवळाच्या आवारात लिंबाखाली एकच पंगत बसेल एवढी जागा, आणि जेवणारी सारी शाळा. आता पंगतीचा नियम आहे, सगळे एकदम उठतात. मधूनच कोणी उठायचं नाही. त्यामुळे दोघंतिघं पोट भरूनही गप्पा मारत बसतात, त्यांच्यासाठी बाकीचे ताटकळतात, आणि बाहेरची पोरं भुकेनं रडकुंडीला येतात.

इंगळे सरांनी त्या वर्षी पंगत मोडली. नवं पोरगं जेवायला आलं की ते ओळीवरून नजर फिरवायचे. ज्याचा हात सगळ्यात जास्त वेळ हलला नाही, त्याच्यापुढे उभे राहायचे. "ऊठ बे. तू जेवून नाही राह्यला."

गावातले एक बुजुर्ग चिडले. "पंगतीतून माणूस उठवते का कोणी, मास्तर?"

"ज्याचा हात हलते त्याले हात नाही लावत, काका," इंगळे सर म्हणाले.

एक पोरगा कुरकुरला, "सर, माझं वरण घ्यायचं राह्यलं होतं." त्याला सर म्हणाले, "मंग ताट घेऊन ओट्यावर बस. जागा झाली की बोलावतो." असे ओट्यावर बरेच जमले. त्यांना शोधून परत आणायला वेळ लागायचा, पण उपाशी कोणी राहिलं नाही, आणि रोडगे गार व्हायच्या आत सारी शाळा जेवली.

मी तिथेच त्यांना सांगितलं, सर, तुम्ही आज जे केलं ते कॉम्प्युटर दिवसभर करतो. मेमरीत जागा थोडी, काम मागणारे जास्त. मग जो सगळ्यात जास्त वेळ रिकामा बसलाय त्याला उठवून डिस्कवर पाठवतो, आणि लागला की परत आणतो.

इंगळे सर गंभीर झाले. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये एका पोराच्या मागे जाऊन उभे राहिले. त्याच्या पडद्यावर गाणं, चित्र, खेळ, सगळं उघडं, आणि कॉम्प्युटर जागच्या जागी घुमत होता. सर म्हणाले, "यातलं जेवून कोण राह्यलं?"

पोरगं म्हणालं, "चित्र, सर."

"मंग बाकीच्यायले उठव. बिचाऱ्याच्या ओट्यावर तरी किती जण बसतीन?"

* * *

आणि जानेवारी आला.

आबासाहेब आले ते मागे टेम्पो घेऊनच. टेम्पोत दोर होते, पोती होती, माल बांधायची सगळी तयारी. ड्रायव्हरनं तो फाटकाशी उभा केला. म्हणजे यांचं ठरलंय, आपण आता नुसता कार्यक्रम करायचा.

त्यांनी लॅब पाहिली. सगळे कॉम्प्युटर चालू होते. पोरांनी नकाशे दाखवले, आलेख दाखवले. आबासाहेब हूं हूं करत फिरले आणि दारात येऊन म्हणाले, "चालून तर राह्यले. पण पोरायले आतलं काही समजते, का नुसतं बटन दाबून राह्यले?"

मी म्हटलं, मैदानात चला साहेब, आम्ही आतलंच दाखवतो.

मैदानात आम्ही खुर्च्यांची एक ओळ मांडली होती. ती मेमरी. समोर शाळेचा ओटा, ती डिस्क. पोरांच्या गळ्यात पाट्या, कोणी चित्र, कोणी गाणं, कोणी गणित. प्रज्ञा कारभारी. तिनं नाव पुकारलं की खुर्चीतल्यानं हात वर करायचा, म्हणजे त्याचं काम झालं. नवा कोणी आला आणि खुर्ची रिकामी नसली, तर सगळ्यात जास्त वेळ ज्याचा हात वर गेला नाही, त्यानं उठून ओट्यावर जायचं.

पाहुण्यांसाठी सोफा वेगळा ठेवला होता, सावलीत, हार वगैरे घेऊन हेडसर तिथे उभे. पण आबासाहेबांना खुर्च्यांची ओळ दिसली आणि आयुष्यभराच्या सवयीनं ते सरळ मधल्या खुर्चीवर जाऊन बसले. त्यांना उठा म्हणायची कोणाची छाती? गणिताची पाटी घातलेलं पोरगं मुकाट दुसऱ्या खुर्चीत सरकलं.

प्रज्ञानं खेळ सुरू केला. चित्र, हात वर. गाणं, हात वर. गणित, हात वर. पुन्हा चित्र. आबासाहेब मांडीवर हात ठेवून मजेत पाहत होते. सगळ्या खुर्च्या भरलेल्या. तेवढ्यात ओट्यावरून नकाशाची पाटी घातलेलं पोरगं आलं आणि समोर उभं राहिलं.

प्रज्ञानं ओळीवरून नजर फिरवली. मला कळलं काय होणार ते. हेडसर तिकडून हातवारे करत होते, इंगळे सरांनी शिट्टी तोंडात घातली आणि वाजवायची हिंमत न होऊन परत काढली. ती पोरगी चालत गेली आणि आबासाहेबांच्या समोर उभी राहिली.

"साहेब, उठा."

"काऊन?"

"तुम्ही लय वेळचे काही न करता बसून आहा."

मी मनात म्हटलं, गेले कॉम्प्युटर. जाऊ दे, पण पोरीला काही बोलले तर मी गप्प बसणार नाही.

आबासाहेब म्हणाले, "मी या संस्थेचा सचिव आहे, बाई."

"हाव साहेब, माहीत आहे," प्रज्ञा म्हणाली. "पण खुर्च्या कमी आहेत."

"मंग मी कुठी जाऊ?"

"ओट्यावर. आम्ही कोणाले फेकून नाही देत. काम निघालं की बोलावू."

आबासाहेबांनी तिच्याकडे पाहिलं. आमच्याकडे पाहिलं. आम्ही कोणीच कुठे बघत नव्हतो. मग धोतराचा सोगा सावरत ते उठले, मैदान ओलांडून गेले आणि ओट्यावर, पाट्या घातलेल्या पोरांच्या मधोमध, पाय खाली सोडून बसले. नकाशावाला पोरगा त्यांच्या खुर्चीत बसला आणि खेळ पुढे चालू झाला.

हेडसर धावत ओट्याकडे गेले. "साहेब, सोफा आहे तिकडं, हार आहे, भाषण आहे..."

"थांबा हो," आबासाहेब म्हणाले. "मले बोलावलं नाही अजून."

आम्ही सगळे उभे. खेळ चालला. चित्र, गाणं, नकाशा, आलेख. ओट्यावर आबासाहेब शेजारच्या पोराला काहीतरी विचारत होते, ते पोरगं बोटानं दाखवून सांगत होतं. शेवटी प्रज्ञा मोठ्यानं म्हणाली, "भाषण!"

आबासाहेब उठून आले. खुर्च्या भरलेल्याच होत्या. त्यांनी ओळीवरून नजर फिरवली, एका पोरासमोर थांबले आणि प्रज्ञाला म्हणाले, "याचा हात बराच वेळ झाला वर नाही गेला. याले उठव."

"बरोबर," प्रज्ञा म्हणाली. पोरगं उठलं.

आबासाहेब खुर्चीत बसले आणि एक हात वर केला. सारी शाळा टाळ्या वाजवत सुटली. तायडे मॅडम पदरानं डोळे पुसत होत्या, आणि मी त्यांना कशाला नावं ठेवू, माझीही तीच गत.

टाळ्या थांबल्या. भाषणासाठी आबासाहेबांनी घसा साफ केला. तेवढ्यात फाटकाकडून टेम्पोवाल्यानं कंटाळून हॉर्न दिला.

प्रज्ञानं मान वळवून तिकडे पाहिलं. मग आबासाहेबांकडे वळून म्हणाली, "साहेब, तोही लय वेळचा रिकामा उभा आहे."

आबासाहेबांनी खुर्चीतूनच टेम्पोवाल्याला हाक मारली, "बाबूराव, रिकामीच ने गाडी. आपल्याले उठवलं इथून."